लवंगेएवढं सोनं

दातवाल्यांना आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं एक चांगलं नाव होतं. पण लग्न ठरवायला गेले त्या दिवशी होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "आपण काय करता?" आणि त्यांनी खरं ते सांगितलं, "दात करतो." त्या क्षणी ते नाव जे बुडालं, ते सव्वीस वर्षं झाली तरी वर आलेलं नाही. सासऱ्यांनी तेव्हाच बायकोकडे वळून सांगितलं होतं, "हे दातवाले आले आहेत, चहा टाक." चहा आला, लग्न झालं, मुलगी वाढली, नोकरीला लागून परगावी गेली, दातवाले दातवालेच राहिले.

काम मात्र ते खरंच दातांचं करत. एका दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खिडकीशी त्यांचं टेबल. समोर छोटी भट्टी, बाटल्यांमधून चिनी मातीची भुकटी आणि एका पट्टीवर ओळीने लावलेले नमुन्याचे दात. ही पट्टी पाहून नवख्या माणसाला वाटे, कुणीतरी हसता हसता इथून निघून गेलं आणि हसू तेवढं मागे राहिलं. ज्याचा दात पडला असेल त्याच्या शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा, बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, भाजायचे, पुन्हा चढवायचे. तीस वर्षांत दातवाल्यांना एकच गोष्ट पक्की कळली होती: दात पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, मधे राखाडी, टोकाला निळसर, आणि वर कुठेतरी उजेडाचा एक थेंब. तो थेंब चुकला की दात मेला. हे सांगायला त्यांच्याकडे फारसं कुणी नव्हतं. बायकोला एकदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचा थेंब राहू दे, आधी तुम्ही दूध आणायचं विसरलात ते सांगा."

विसरणं हा त्यांचा जोडधंदाच होता. बोलता बोलता ते समोरच्याच्या दातांत हरवून जात. सासऱ्यांशी बोलताना तर फारच, कारण सासऱ्यांचं बोलणं लांब असे आणि दात अजून सगळे स्वतःचे.

सासऱ्यांना सगळी आळी कॅप्टन म्हणे. ते सैन्याच्या आसपासही कधी गेले नव्हते. पण तरुणपणी एकोणीस वर्षं ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. चौकातल्या बागेत एक गोल चौथरा होता, त्यावर रोज संध्याकाळी अकरा वादक आणि एक बँडमास्तर उभे राहत. कोटाच्या खांद्यावर झुपके होते. झुपके एवढे भारी की कॅप्टन म्हणण्यावाचून लोकांना इलाजच नव्हता. पुढे बँड बंद झाला, कोट कसरीने खाल्ला, वाद्यं कुठल्याशा गोदामात जमा झाली, आणि ते गोदामही पुढे नाहीसं झालं. उरलं ते कॅप्टनांचं बोलणं.

"पितळ म्हणायचं नाही," ते बजावत. "पितळेची घंगाळं असतात. माझा ट्रम्पेट सोन्याचा दिसायचा. संध्याकाळी ऊन त्याच्या तोंडात शिरायचं आणि तिथेच बसून राहायचं."

"आणि एकोणीस वर्षांत यांचा एक सूर चुकला नाही," सासूबाई शेंगा सोलत सुरात सूर मिळवत.

"नाहीच चुकला! नजर सतत मास्तरांवर!"

"हो ना," सासूबाई म्हणत आणि पुढची शेंग घेत. त्या 'हो ना'मध्ये काहीतरी होतं. पण दातवाले तेव्हा कॅप्टनांच्या वरच्या सुळ्याकडे बघत असल्यामुळे त्यांच्या ते लक्षात येत नसे.

त्या वर्षी कॅप्टनांच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला. एका डोळ्यात आधीच होता, आता दुसऱ्यातही. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गायब. डॉक्टर म्हणाले, आहे ते किती महिने टिकेल सांगता येत नाही. कॅप्टनांनी तेव्हापासून नवी युक्ती काढली: जे बघायचं त्याच्याकडे न बघता शेजारी बघायचं. ते बोलत दातवाल्यांशी आणि बघत कपाटाकडे. कपाटाला या घरात पहिल्यांदाच एवढा मान मिळत होता.

याच सुमारास वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी जुन्या चौकाची प्रतिकृती करायला घेतली. जुन्या फोटोंवरून घरं, दुकानं, बाग आणि चौथरा असं सगळं एका मोठ्या टेबलावर बसवायचं होतं. माणसं अंगठ्याएवढी, ओतून तयार होती. रंगवायची तेवढी बाकी होती. ग्रंथपालबाई उंच आणि सडसडीत. इतकी वर्षं शांतता राखून राखून त्या भर रस्त्यातही कुजबुजत. त्यांनी दातवाल्यांना गाठलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या तोंडातला तुमचा दात कुठला, हे आता मलासुद्धा आठवत नाही. तुम्ही बँड रंगवा."

सव्वीस वर्षांत दातवाल्यांचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. बँडची पेटी छातीशी धरून ते घरी आले आणि अर्थातच दूध विसरले.

बातमी कॅप्टनांपर्यंत पोचली. पुढच्या रविवारी त्यांनी कपाटाकडे बघत जावयाला हुकूम सोडला. "दातवाले, माझा ट्रम्पेट नीट करा. मला तो एकदा बघायचा आहे. तुमच्या दातांना घाई नसेल, माझ्या डोळ्यांना आहे."

हे बोलताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला. कॅप्टनांचा आवाज खाली जाणं हे त्या घरात भिंत खाली येण्याइतकं नवलाचं होतं. दातवाल्यांनी मान हलवली. मग सासऱ्यांना मान हलवलेली दिसत नाही हे लक्षात येऊन "हो बाबा" म्हणाले. आणि त्यांना कळलं, की गेली सव्वीस वर्षं आपण याच एका कामाची वाट बघत होतो.

ट्रम्पेट केवढा? मसाल्याच्या डब्यातल्या मोठ्या लवंगेएवढा. दातवाल्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून सोनेरी रंगाची बाटली आणली, ट्रम्पेट एका झटक्यात रंगवला आणि सासऱ्यांसमोर ठेवला. कॅप्टनांनी मोठं भिंग घेतलं, मान तिरकी केली.

"हे काय? वाळू आहे का?"

"सोनेरी रंग आहे, बाबा."

"कण कण दिसतायत. हलवला की चकाकतो, थांबवला की काळा. आकार कुठेय? चमक दिसते, ट्रम्पेट दिसत नाही. दातवाले, हे पत्र्याचं पिंप आहे."

दातवाल्यांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांना पटलं. बाटलीतल्या रंगात धातूची पूड असते. खऱ्या ट्रम्पेटवर ती खपली असती, लवंगेएवढ्यावर तिचे धोंडे झाले होते. शिवाय ती पूड खोलीतला कुठलाही उजेड पकडे आणि वाटेल तिथे उधळून देई. करड्या डागाच्या आडून बघणाऱ्या माणसाला नुसती चमचम काय कामाची? त्याला काळ्याशेजारी पांढरं हवं, म्हणजे कड कळेल. मग दातवाल्यांच्या डोक्यात ती जुनी गोष्ट आली. दात पांढरा नसतो. तर सोनं तरी सोनेरी असतं कशावरून?

इथून पुढचे दोन महिने ते या जगात होते असं खात्रीने सांगता येणार नाही. जिथे काही पिवळं चकाके तिथे ते थांबत. हात धुवायला गेले की नळाकडे बघत उभे, पाणी वाहतंय. बँकेच्या दाराची मूठ तर त्यांनी इतका वेळ निरखली की पहारेकरी शेवटी म्हणाला, "साहेब, ढकलायचं आहे ते. ओढू नका." बसमध्ये समोरच्या पितळी दांड्यावर रस्ता वाकडा होऊन वाहताना दिसे, झाडं लांबट होऊन निघून जात, आणि दातवाले त्या दांड्यातल्या गावात फिरता फिरता तीन थांबे पुढे जात. तिथून चालत परत येताना त्यांना वाईट वाटत नसे. त्या गावात सगळं मधासारखं होतं आणि कुणालाही कसली घाई नव्हती.

एका दुपारी त्यांनी भाजी चिरणाऱ्या बायकोचा हात हातात घेतला आणि तिला खिडकीपाशी नेलं. मनगट उजेडात धरलं. हळूच फिरवलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. बायकोच्या मनात सव्वीस वर्षांनी काहीतरी हललं. ती जरा लाजून म्हणाली, "काय बघताय एवढं?"

"बांगडीच्या काठाला तपकिरी आहे," दातवाले स्वप्नात बोलल्यासारखे म्हणाले. "जवळजवळ काळंच म्हण ना. आणि त्याला चिकटून पांढरं. सोनं असं कुठेच नाही गं यात!"

"म्हणजे खोटी आहे?"

"नाही, नाही. खरी आहे म्हणूनच नाही!"

बायकोने हात सोडवून घेतला आणि उरलेली भाजी जरा जास्तच बारीक चिरली.

पण शोध लागला होता. सोन्याला स्वतःचा रंग असा थोडकाच. बाकी सगळी उसनवारी. वरच्या बाजूला ते आभाळ घेतं म्हणून फिकट, खालून जमीन घेतं म्हणून काळपट, आणि आभाळ-जमीन भेटतात तिथे एक गडद रेघ. त्या रेघेच्या शेजारीच सगळ्यात लखलखीत उजेड. गडद आणि लखलखीत एकमेकांना खेटून बसले की डोळा आपण होऊन म्हणतो, सोनं!

रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास दातवाले खिडकीशी बसत. ट्रम्पेटवाला बाहुला बाटलीच्या बुचावर चिकटवलेला, बूच डाव्या हातात, उजव्या हातात चार केसांचा कुंचला. रंग पाचच: तपकिरी, मातकट पिवळा, लिंबाचा पिवळा, पांढरा, आणि सावलीसाठी जांभळ्याची नुसती आठवण. पहिल्यांदा सगळा ट्रम्पेट तपकिरी. मग सायीखालच्या दुधाइतका पातळ केलेला पिवळा, थरावर थर, प्रत्येक थर आधीच्याहून थोड्या कमी जागेवर. पाचव्या थराला तो चिखल दिसला. बाराव्याला पुठ्ठा. अठराव्याला दातवाले कुंचला ठेवून अर्धा तास नुसते बाहेर बघत बसले. पंचविसाव्याला काहीतरी कोमट झालं. आणि तिसाव्याला, श्वास रोखून, तोंडाच्या गोल काठावर पांढऱ्याचा एक ठिपका त्यांनी ठेवला मात्र, ट्रम्पेट पेटला. सबंध खोलीतलं ऊन येऊन त्या लवंगेत बसलं.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने बोट पुढे केलं आणि नखाने हलकेच टोकरून पाहिलं. धातूच आहे असं वाटलं तिला. मग ती स्वतःशीच हसली आणि सासूबाईंना बोलावून घेऊन आली. सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून बाहुला बघितला. "छान आहे," म्हणाल्या. "पण गाल जरा कमी फुगवायला हवे होते. हे एवढं काही फुंकायचे नाहीत."

कॅप्टनांनी मात्र घरी बघायचं नाकारलं. "बुचावर उभा असलेला मला नकोय. चौकात बघीन. जागेवर."

उद्घाटनाला गर्दी होणार, म्हणून ग्रंथपालबाईंनी घरच्यांना आदल्या दिवशी दुपारी बोलावलं. दातवाले पुढे गेले. वाचनाच्या दालनात, उंच खिडकीपाशी, तो चौक मांडला होता. कागदाची झाडं, काड्यांचे बाक, दुकानांच्या इवल्या पाट्या, आणि शिंप्याच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत शिवणयंत्रावर वाकलेली एक मुलगी. दातवाल्यांना क्षणभर वाटलं, आपण आकाराने लहान होऊन त्या बागेत जावं आणि बाकावर बसावं. दहा वादक आणि मास्तर त्यांनी कालच लावून दिले होते. त्यांनी खिशातून डबी काढली, कापसातून ट्रम्पेटवाला उचलला आणि फोटोत होता तसा, बँडमास्तरांकडे तोंड करून, उभा केला.

ट्रम्पेट विझला.

विझला म्हणजे पार विझला. तिसांतला एकही थर कामाला येईना. भिजलेल्या पुठ्ठ्याचा एक तुकडा तोंडाला लावून तो बाहुला उभा होता. दातवाल्यांनी डोळे चोळले, खाली वाकून पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि चूक कळली. घरी त्यांच्या टेबलाशी उजेड येतो डावीकडून. तीस थर त्यांनी त्या उजेडावर बेतून चढवले होते. इथली खिडकी उजवीकडे. जिथे आभाळ रंगवलं तिथे आता सावली होती, आणि रंगवलेल्या सावलीवर खरं ऊन पडत होतं. बाकीच्यांची वाद्यं दुरून बघायची म्हणून त्यांनी दोन-चार थरांतच उरकली होती, त्यांना काही झालं नव्हतं. जन्मभर ज्यांनी उजेडाचा थेंब कुठे पडतो हे बघून पोट भरलं, तेच दातवाले थेंब कुठून पडणार हे विचारायला विसरले होते!

"हे टेबल फिरवता येईल?" त्यांनी विचारलं.

"जमिनीला पक्कं केलंय," ग्रंथपालबाई कुजबुजल्या.

"पडदा ओढून, डावीकडून दिवा लावला तर?"

एवढं बोलल्यावर त्यांनाच आठवलं. दिव्याच्या उजेडात कॅप्टनांना दार कुठे आहे तेही दिसत नसे. ऊन होतं तेवढंच त्यांचं दिसणं. आणि नव्याने रंगवायचं तर पुन्हा दोन महिने. दोन महिन्यांनी तो करडा डाग केवढा झालेला असेल?

जिन्यावर काठीचा आवाज आला. पाठोपाठ कॅप्टनांचा. "किती पायऱ्या आहेत या! पुस्तकं वाचायला येतात की डोंगर चढायला?"

दातवाल्यांनी बाहुला उचलला. खिशात टाकावा आणि 'राहिला घरी' म्हणावं, असं वाटलं. विसरण्याबद्दल तरी त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. पण उचलताना तो बोटांत थोडा फिरला आणि त्याच्या तोंडाशी काहीतरी लुकलुकलं. दातवाल्यांनी त्याला परत चौथऱ्यावर ठेवून हळूहळू फिरवला. पाव वळण. अजून थोडा. अजून. मास्तर त्याच्या खांद्याआड गेले, आणि ट्रम्पेट भक्कन पेटला. बुचावर पेटला होता त्याहून जास्त. दुपारचं सगळं ऊन त्याच्या तोंडात शिरून बसलं.

"अहो, पण फोटोत सगळे मास्तरांकडे बघतायत," ग्रंथपालबाई अस्वस्थ होऊन कुजबुजल्या. "हा एकटाच भलतीकडे…"

तेवढ्यात कॅप्टन आत आले. एका बाजूला त्यांची मुलगी, म्हणजे दातवाल्यांची बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई. त्यांना टेबलाशी उभं केलं, भिंग हातात दिलं. कॅप्टनांनी मान वळवली, नजर भलतीकडे लावली आणि कडेने चौक बघायला लागले.  बाहेर ढग सरकला असावा. कागदाच्या झाडांवरून एक सावली गेली आणि ऊन परत आलं.

"हा," कॅप्टन म्हणाले. "हा माझा."

 कॅप्टनांनी भिंग अजून खाली नेलं. "पण याला असा उभा कुणी केला?"

"माझी चूक झाली, बाबा," दातवाले घाईघाईने म्हणाले. "घरी उजेड डावीकडून होता, इथे उजवीकडून आला. सरळ ठेवला की सोनं जातं. म्हणून मी…"

"ते नाही हो! बघतोय कुठे हा?"

सासूबाई चष्मा सावरून खाली वाकल्या. ट्रम्पेटच्या तोंडासमोर त्यांनी बोट धरलं आणि हवेतून पुढे नेत नेत बागेचं कुंपण ओलांडलं, रस्ता ओलांडला, आणि शिंप्याच्या दुकानावरच्या त्या पहिल्या मजल्याच्या खिडकीवर टेकवलं. तिथली मुलगी शिवणयंत्रावर वाकलेली होती.

"माझ्या खिडकीकडे," त्या म्हणाल्या.

कॅप्टनांनी घसा साफ केला. "एखाद्या वेळी मान अवघडते माणसाची."

"रोज अवघडायची? मास्तर काठी आपटायचे ते वरपर्यंत ऐकू यायचं! रोज सहावा सूर चुकायचा यांचा. मी खिडकी लावून घेतली की मग नीट वाजवायचे."

"आई!" दातवाल्यांची बायको ओरडली. "आणि आम्हाला जन्मभर सांगितलं, नजर सतत मास्तरांवर!"

"फोटोत आहेच की मास्तरांवर," कॅप्टन म्हणाले. "फोटो काढताना काय, सगळेच शहाणे असतात."

ग्रंथपालबाईंनी हातातला फोटो पाहिला, चौथऱ्याकडे पाहिलं. मग फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि कधी नव्हे ते जरा मोठ्याने म्हणाल्या, "राहू दे. असाच राहू दे."

कॅप्टन अजून बघतच होते. तिरकी मान, तिरकी नजर. या तिरक्या बघण्याला डॉक्टरांनी मोठं नाव दिलं होतं, पण सवय जुनीच होती. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि ग्रंथपालबाई तिथेच असतील असं धरून एका खांबाकडे वळून सांगितलं, "हे आमचे दातवाले."

'आमचे' हा शब्द सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच लागला होता. दातवाल्यांना वाटलं काहीतरी म्हणावं. पण खांबाला उद्देशून झालेल्या ओळखीला आपण उत्तर द्यावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना, आणि तेवढ्यात ते कॅप्टनांच्या दातांत हरवले. कॅप्टन हसत होते. उजवीकडून ऊन येत होतं आणि वरच्या सुळ्यावर अगदी जागच्या जागी उजेडाचा थेंब होता.

जिना उतरताना कॅप्टनांनी मुलीचा हात सोडला आणि जावयाचा दंड धरला. दोन पायऱ्या उतरल्यावर दातवाल्यांच्या लक्षात आलं, दंडावरची तीन बोटं हलतायत. एक दाबायची, मग दोन, मग पहिली आणि तिसरी. ट्रम्पेटच्या तीन कळा. कॅप्टन नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते, आणि दातवाल्यांना तो दंड आपला नसून सोनेरी आहे असं वाटायला लागलं. वळणावर कॅप्टनांनी, का कोण जाणे, मान जराशी मागे वळवली.

"चुकलात," मागून सासूबाई म्हणाल्या.